नवरीचा दिवा

दिवा कुठे लावायचा हे कोणीही सांगेल. कुठे लावायचा नाही आणि लावलेला कधी विझवायचा, हे सांगण्याचा मला जर्मनीत पगार मिळत होता. वोल्फ्सबुर्गच्या मराठी मंडळींत कोणी "तुम्ही काय करता?" असं विचारलं की मी म्हणायचे, "गुहांमध्ये लाइट लावते." मग विचारणारा सुहासकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे वळून गिअरबॉक्सबद्दल बोलायला लागायचा. त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. आमच्यातले निम्मे पुरुष गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर होते, उरलेले कॉम्प्युटरवाले. जमिनीखाली जाणारी मी एकटीच.

मी पुण्याची इलेक्ट्रिकल इंजिनिअर. सुहासच्या नोकरीमुळे जर्मनीत आले, भाषा शिकले, पुष्कळ अर्ज केले आणि शेवटी एका पाच माणसांच्या कंपनीत लागले. ही कंपनी पर्यटकांसाठी खुल्या असलेल्या नैसर्गिक गुहांमधलं वायरिंग आणि दिवे बघायची. असा धंदा असतो हे मलाही मुलाखतीच्या दिवशीच कळलं.

जर्मनीत अशा गुहा भरपूर आहेत. दक्षिणेला श्वेबिश आल्ब नावाच्या पठाराखाली चुनखडकाच्या लांबलचक गुहा आहेत, काहींत नदी वाहते. फ्रांकनच्या भागात अस्वलांची हजारो वर्षांपूर्वीची हाडं सापडतात. झाउअरलांडमध्ये खाणीसाठी नाहीतर रस्त्यासाठी सुरुंग लावताना भिंत फुटली आणि आत खांबांचं जंगल निघालं, अशा गोष्टी गावोगावी ऐकायला मिळतात. आणि आमच्या घरापासून सगळ्यात जवळ हार्ट्सचे डोंगर. तिथे जिप्समच्याही गुहा आहेत. त्यांत खांब नसतात, झुंबरं नसतात, नुसती राखाडी पोकळी आणि तळाला इतकं स्वच्छ पाणी की पाय बुडेपर्यंत ते दिसत नाही. माझा पहिला बूट असाच भिजला.

सगळ्या गुहांत एक गोष्ट सारखी. उन्हाळा असो की हिवाळा, आत आठ-नऊ अंश. आणि अंधार. या अंधारावरच गुहा टिकून असते. जुन्या काळी लोकांनी आत मोठमोठे हॅलोजन लावले. दिव्याजवळ ऊब आली, उजेड आला, पर्यटकांच्या कपड्यांवरून शेवाळाचे कण आले, आणि दिव्याभोवतीचा पांढरा दगड हिरवा झाला. जर्मन लोक त्याला लांपेनफ्लोरा म्हणतात. नाव बागेतल्या फुलासारखं, पण आहे तो रोग. तो घालवायचा तर उजेड कमी करायचा, दिवे थंड जातीचे बसवायचे आणि माणूस पुढे गेला की मागचा दिवा विझेल अशी व्यवस्था करायची. त्या वर्षांत एलईडी नुकते परवडायला लागले होते, त्यामुळे आम्हाला कामाची ददात नव्हती.

कामाचे दिवस मात्र थोडे. हिवाळ्यात वटवाघळं आत झोपतात, त्यांना उठवणं हा गुन्हा आहे. ईस्टरला गुहा लोकांना उघडतात. वटवाघळं उठली आणि पर्यटक अजून आले नाहीत, या फटीत आम्हाला देशभर पळावं लागे. गाडीत केबलची भेंडोळी, शिडी, चहाचा थर्मास, डब्यात थालीपीठ. माझ्याकडे प्रत्येक गुहेची वेगळी यादी असे. सुहास म्हणायचा, "तू मेलीस तरी आधी यादीवर टिक करशील." मी म्हणायचे, "कोणीतरी करायलाच हवी."

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका गावच्या बुर्गरमाइस्टरना, म्हणजे नगराध्यक्षांना, लाल, निळे, हिरवे दिवे हवे होते, तेही ऑर्गनच्या संगीतावर उघडझाप करणारे. मी त्यांना आमच्याकडच्या गणपतीच्या मांडवांचे फोटो दाखवले. म्हटलं, "हे दहा दिवसांसाठी असतं, मग आम्ही उतरवतो." ते बराच वेळ फोटो बघत राहिले. "आल्झो," म्हणजे 'असं तर' म्हणाले, "मग साधा पांढराच बसवा." दुसऱ्या एका गुहेत नोंदणी पद्धतीने लग्नं लावायचे. उघड्या खांद्यांची नवरी आठ अंशांत कुडकुडते म्हणून त्यांना छताला हीटर हवा होता. मी शाली सुचवल्या. त्यांनी शाली घेतल्या आणि मला बिल मात्र हीटर न बसवण्याचं पाठवावं लागलं.

हे सांगताना गंमत वाटते, पण कामाचे खरे तास असे नव्हते. खरे तास म्हणजे मी, शिडी आणि थेंब. गुहेच्या तोंडाशी एक फळी असते, तिच्यावर खिळे. आत जाणाऱ्याने आपला पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचा, बाहेर येताना काढायचा. संध्याकाळी बिल्ला उरला तर माणूस आत आहे असं समजून शोध सुरू होतो. खाणकामगारांची ही जुनी पद्धत. बहुतेक दिवशी त्या फळीवर माझा एकच बिल्ला असायचा. दुपारी बाहेर आले की तो एकटा लटकताना दिसायचा आणि आपण आत होतो हे निदान या खिळ्याला माहीत होतं, असं वाटायचं. सुहासला कंपनीने दोन वर्षांसाठी चीनमधल्या कारखान्यावर पाठवलं आणि मुलगी शिकायला ड्युसेलडॉर्फला गेली, तेव्हापासून हे जास्त वाटायला लागलं. मुलीला फोन केला की मी मराठीत विचारायचे, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची आणि "या, या, मामा", म्हणजे 'हो, हो, आई' म्हणून ठेवून द्यायची.

त्याच काळात माझ्या सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या. सासरे जाऊन वर्ष झालं होतं. आई दिवसभर खिडकीत बसायच्या. रस्त्यावर माणूस दिसायचा नाही, नुसत्या गाड्या. "सगळ्या एकाच कंपनीच्या गं," त्या म्हणायच्या, "लोकांना कंटाळा येत नाही?"

चैत्र होता. आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू ठेवलं. कैरी मिळत नाही म्हणून आंबट हिरव्या सफरचंदाची डाळ केली. आईंनी पुण्याहून माझ्यासाठी चांदीचा करंडा आणला होता, कुंकूही घरी केलेलं. बायका आल्या, हसल्या, फोटो काढले. आई पूर्ण वेळ स्वयंपाकघरात होत्या. कोणी त्यांना आत बसा म्हटलं नव्हतं. कोणी बाहेर या असंही म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "मी पन्हं गाळते, तुम्ही चालू द्या," आणि सगळ्यांनी चालू दिलं, मीसुद्धा.

लगेच सोमवारपासून मला हार्ट्समधल्या एका छोट्या गुहेत आठवडाभराचं काम होतं. आईंना घरी एकटं ठेवणं शक्य नव्हतं. सामानाच्या यादीत केबल, ड्रिल, टेस्टर यांच्याखाली मी लिहिलं, 'आई, त्यांची शाल, लोकरी मोजे.' गुहेखालच्या गावात एका पेन्सिऑनमध्ये, म्हणजे घरगुती लॉजमध्ये, दोन खाटांची खोली घेतली.

गुहेचे रखवालदार हेर ब्रांट, म्हणजे ब्रांटसाहेब. साठीचे, एकटे, शिस्तीचे. त्यांनी आईंसाठी पाहुण्यांचा बिल्ला काढला आणि माझ्या शेजारच्या खिळ्याला अडकवला. पहिल्याच ठेंगण्या वाटेवर ते ओरडले, "फोरझिश्ट!"

"काय म्हणतोय हा?"

"डोकं सांभाळा म्हणतोय."

"मग तसं म्हणावं की. खेकसतो कशाला!"

या गुहेचं वैभव म्हणजे तिसऱ्या दालनातला एक खांब. जमिनीतून वर आलेला, बाईच्या उंचीचा, पांढराशुभ्र, वरून थेंब पडत असल्यामुळे सतत ओला आणि चकाकणारा. जर्मनांना गुहेतल्या दगडांना नावं द्यायची हौस असते. कुठे हत्ती, कुठे बुटके, कुठे ऑर्गन. हिचं नाव ब्राउट, म्हणजे नवरी. हेर ब्रांट तिच्यावरचा दिवा पर्यटकांसाठी जेमतेम तीन मिनिटं लावत. इतक्या वर्षांत तिच्यावर हिरवा ठिपका पडू दिला नव्हता त्यांनी. आमची नवी दिवाबत्ती हवी की नको हे त्या शुक्रवारी राज्याच्या निसर्गसंरक्षण खात्याच्या तज्ज्ञ बाई येऊन ठरवणार होत्या. त्यांनी नापास केलं असतं तर एवढी एकच गुहा हातची गेली नसती. या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. आमच्या पाच जणांच्या कंपनीला पुढे कोणी दारात उभं केलं नसतं.

मी आईंना घडीच्या खुर्चीवर बसवलं, नवरीची ओळख करून दिली आणि म्हटलं, "आई, इथेच बसा. कशालाही हात लावू नका. हाताचं तेल लागलं तरी दगड काळा पडतो." मग पलीकडच्या दालनात शिडीवर चढले.

थोड्या वेळाने हेर ब्रांट यांची आरोळी आली. या वेळी ती डोक्यासाठी नव्हती.

मी धावत आले. नवरीच्या, माणसाचं कपाळ असावं अशा जागी, लालभडक कुंकू होतं, खाली हळदीचं बोट. वरून थेंब पडतच होता. लाल ओघळ नाकावरून हनुवटीपर्यंत आला होता.

"ब्लूट?" हेर ब्रांट यांचा आवाज चिरकला. रक्त?

"नाही, नाही. कुर्कुमा. हळद."

"करीतली?"

"गेनाऊ. अगदी बरोबर."

"माझ्या नवरीला," ते एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "करी लावली?"

मी आईंकडे वळले. "मी सांगितलं होतं ना, हात लावू नका!"

"मी कुठे हात लावला? कापसाच्या काडीने लावलं." त्यांनी काडी दाखवली. मांडीवर करंडा उघडा होता. शनिवारच्या हळदीकुंकवापासून त्यांच्या पर्समध्येच राहिला होता. "तूच म्हणालीस नवरी आहे. नवरी म्हणायचं आणि कपाळ पांढरं? इतकी वर्षं उभी आहे बिचारी, एकीलाही सुचू नये?"

हेर ब्रांट वाट बघत होते. मी त्यांना जर्मनमध्ये सांगितलं की आमच्याकडे नवरीच्या कपाळी हे असतंच. त्यांनी आईंकडे बघितलं, मग त्यांच्या मोकळ्या कपाळाकडे, आणि स्पंज आणायला गेले.

पाण्याने ओघळ फिका झाला, पण रुंदही झाला. आई घाबरल्या होत्या. "लिंबू लाव," म्हणाल्या, "हळदीला लिंबू."

"लिंबू लावलं तर डागाबरोबर नवरीपण जाईल, आई! हा चुना आहे. आंबटाने विरघळतो." रसायन वापरायचं तर परवानगीचा अर्ज, आणि अर्जाचं उत्तर यायला उन्हाळा उजाडणार.

मग मी खाली बसले आणि डोक्यात यादी केली. पाणी, नाही. आंबट, नाही. घासणं, अजिबात नाही. आपण घरी काय करतो? पांढऱ्या साडीवर वरणाचा डाग पडला तर धुऊन उन्हात टाकतो. हळद उन्हात उडते. बाजारातल्या रंगाचं कुंकू असतं तर मी तिथेच हात टेकले असते, पण हे हळदीचं होतं. ऊन गुहेत आणता येत नव्हतं. पण माझ्या गाडीत चाचणीसाठी आणलेले एलईडीचे दोन झोत होते, थंड, निळसर पांढरे, कडक.

मी हेर ब्रांटना म्हटलं, "मला नवरीवर गुरुवारपर्यंत दिवसभर उजेड हवा आहे."

सहा वर्षं मी देशभर फिरून लोकांना सांगत होते, दिवे कमी करा, विझवा, दगडाला अंधार द्या. आणि आता मीच त्यांच्या नवरीला दिवसभर झोतात उभी करायला निघाले होते. उजेडाने शेवाळ धरलं तर डागाच्या जागी रोग यायचा. मी सांगितलं की तीन-चार दिवसांत शेवाळ धरणार नाही, बहुतेक.

"बहुतेक," ते म्हणाले.

"बहुतेक," मी म्हणाले.

त्यांनी स्वतः केबल ओढायला मदत केली.

त्यानंतरचे दिवस माझ्या नोकरीतले सगळ्यात वेगळे. झोताशेजारी कोणीतरी बसणं भाग होतं, थेंबाने तो भिजू नये म्हणून. आई म्हणाल्या, "मी लावलंय, मी बसते." शाल, मोजे, गुडघ्यांवर हेर ब्रांट यांनी आणून दिलेलं घोंगडं. मी शेजारच्या दालनात दिवे बसवत होते आणि मधूनमधून त्यांचा आवाज यायचा. "विद्या, चहा." "विद्या, वरची बाजू फिकी झालीय का गं, बघ." गुहेत माझं नाव कोणी मराठीत हाक मारून घेतलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. दगडावर आपटून ते जरा लांब व्हायचं.

बुधवारी चहा पिताना त्यांनी विचारलं, "तू रोज अशीच एकटी असतेस?"

"हो."

"बोलतेस कोणाशी?"

"गरज पडत नाही."

"मला निदान टीव्ही आहे," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने झोताकडे बघत म्हणाल्या, "हे गेले तेव्हा माझं कुंकू कोणी पुसलं नाही हं. आता कोण करतंय तसलं. मीच काढलं. वाटलं, लोक काय म्हणतील. आणि मग कोणी काही म्हणालंच नाही. ठेवलं असतं तरी म्हणालं नसतं. कोणाचं लक्षच नव्हतं."

मी त्यांचा कप घेतला, अर्धा भरला आणि परत दिला. आणखी काय करायचं ते माझ्या कुठल्याही यादीत नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी समोरची बाजू पांढरी झाली होती. मी मान वाकडी करून, टॉर्च लावून सगळीकडून तपासलं. मागच्या अंगाला, एका खोल घडीत, ओघळाचा शेंगदाण्याएवढा डाग राहिला होता. तिथे झोत पोचत नव्हता. समोरून कोणाला दिसला नसता.

शुक्रवारी तज्ज्ञ बाई आल्या. नवे दिवे पाहिले, उष्णता मोजली, मान डोलावली. नवरीसमोर थांबून म्हणाल्या, "सुंदर ठेवलीय." हेर ब्रांट माझ्याकडे बघत नव्हते. बोललं नसतं तर चाललं असतं. पण मला काम तपासून देताना एक ओळ कोरी सोडून सही करता येत नाही. मी बाईंना मागच्या बाजूला नेलं, डाग दाखवला आणि सगळं सांगितलं. आई दोन पावलांवर, पर्स छातीशी धरून उभ्या होत्या. त्यांना भाषा कळत नव्हती, पण कशाबद्दल चाललंय ते कळत होतं.

बाई वाकून बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "घासाल तर पृष्ठभाग जाईल. राहू दे. पाणी चालू आहे, दगड त्यावर चढेल." त्यांनी पॅड काढलं. "नोंद करावी लागेल. डागाचं कारण काय लिहू?"

हेर ब्रांट घसा साफ करून म्हणाले, "लिहा, फामिलियनबेझूख." कुटुंबीयांची भेट.

बाईंनी तसंच लिहिलं. दिवे पास झाले.

बाहेर आल्यावर आईंनी विचारलं, "काय म्हणाली ती?"

"म्हणाली, मागचं राहू दे. दगड हळूहळू त्याच्यावर चढेल."

"किती दिवसांत?"

"आपल्या हयातीत नाही, आई."

"मग बरंय," त्या म्हणाल्या. मग करंडा माझ्या हातात ठेवला. "घरी ने. इथे आणू नकोस पुन्हा." हेर ब्रांटनी दोन्ही बिल्ले खिळ्यांवरून काढले. आईंना त्यांनी हात पुढे केला. आईंनी नमस्कार केला. मग दोघांनी अदलाबदल केली, त्यांनी हात जोडले आणि आईंनी हात पुढे केला. हसले दोघंही.

आई जूनमध्ये पुण्याला परतल्या. पुन्हा यायचं म्हणत राहिल्या, गुडघ्यांनी येऊ दिलं नाही. काही वर्षांनी गेल्या. सुहास चीनहून आला तो दुसऱ्याच कामात गुंतला. हेर ब्रांट निवृत्त झाले. त्या गुहेची वार्षिक तपासणी मात्र मी शेवटपर्यंत दुसऱ्या कोणाला दिली नाही. दरवर्षी, वटवाघळं उठली की जायचं, बिल्ला अडकवायचा, एकच, आणि आत जायचं. नवरीच्या मागे जाऊन टॉर्च लावायचा. डाग होता. त्याच्यावर काचेसारखा पातळ थर आला होता की मला तसं वाटत होतं, हे मी नक्की सांगू शकत नाही, आणि मोजायला उपकरण कधी नेलं नाही.

एक गोष्ट त्या गुहेत मी नियमाबाहेर केली. गुहा बंद करताना मुख्य स्विचबोर्डवरून दिवे एकामागून एक विझतात, आतून बाहेर. नवरीच्या दालनाचा दिवा तिसरा विझायला हवा. मी वायरिंग बदलून तो शेवटी घेतला. दगडाला त्याने फरक पडत नाही, अर्ध्या मिनिटाचा प्रश्न आहे. नव्या रखवालदार मुलीने एकदा विचारलंच, "फ्राउ केळकर, सगळे विझले, ही एकटीच का राहते?"

"तिचं सर्किट वेगळं आहे," मी म्हटलं, आणि तोही विझवला.